घराभोवतीचे वन्यजीव पाहण्यासाठी नेटवर्क कॅमेरा : निवड, मांडणी आणि मर्यादा

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली गृहसंकुले, जुन्नर परिसरातील उसाचा पट्टा, बडोद्यातील विश्वामित्री नदीचा काठ किंवा सिमल्याचे उतार, या सर्व ठिकाणी मानवी वस्ती आणि वन्यजीव यांच्यातील सीमारेषा अंधार पडल्यावर पुसट होते. दिवसा निर्मनुष्य वाटणाऱ्या परसातून रात्री उदमांजर, साळिंदर, कोल्हा किंवा बिबट्या जाऊन येतो आणि सकाळी पाऊलखुणेपलीकडे काही हाती लागत नाही. ही ये-जा पाहण्यासाठी घराबाहेर नेटवर्क कॅमेरा बसवण्याकडे अलीकडे अनेकांचा कल आहे. काहींचा हेतू निव्वळ कुतूहलाचा असतो. काहींसाठी मात्र संध्याकाळनंतर मुलांनी अंगणात जावे की नाही, गोठ्याचे दार कितपत भक्कम असावे, हा रोजचा प्रश्न असतो. दोन्ही हेतूंसाठी बाजारात मिळणारी उपकरणे मुख्यतः चोरावर नजर ठेवण्यासाठी बनवलेली आहेत. त्यामुळे वन्यजीवांसाठी त्यांची निवड करताना निकष वेगळे लावावे लागतात.

कॅमेरा ट्रॅप आणि नेटवर्क कॅमेरा

भारतात वन्यप्राण्यांच्या स्वयंचलित छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. तत्कालीन संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात, वाटेवर ताणलेल्या तारेला प्राण्याचा पाय लागताच छायाचित्र टिपणारी योजना वापरून वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावण्यात आले, त्यातून सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली आणि या उपक्रमाची गिनीज बुकात नोंद झाली.

कॅमेरा ट्रॅप बॅटरीवर चालतो, प्राण्याच्या शरीराची उष्णता जाणवल्यावर जागा होतो आणि छायाचित्र स्वतःजवळच साठवतो. दुर्गम जंगलासाठी ते योग्यच आहे. नेटवर्क कॅमेरा अखंड चालू राहतो, घरातील जाळ्याला जोडलेला असतो आणि त्याचे दृश्य त्याच क्षणी मोबाइलवर किंवा संगणकावर दिसते. अशा प्रकारचा पहिला कॅमेरा स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणला. ज्या ठिकाणी वीज आणि घराचे नेटवर्क पोहोचते, तेथे नेटवर्क कॅमेरा अधिक माहिती देतो. जेथे ते पोहोचत नाही, तेथे कॅमेरा ट्रॅपच बरा.

काय पाहायचे, हे आधी ठरवावे

खरेदीतील बहुतेक निराशा मेगापिक्सेलच्या आकड्यावर भिस्त ठेवल्याने येते. प्रत्यक्षात प्राणी ओळखता येणे हे त्याच्या देहावर किती पिक्सेल पडतात यावर अवलंबून असते आणि त्याचा निर्णय लेन्स करते. दुकानात ज्याला नुसते ‘एमएम’ म्हणतात ते लेन्सचे नाभीय अंतर होय. हा आकडा लहान असेल तर दृश्य रुंद पण प्राणी छोटा, मोठा असेल तर दृश्य अरुंद पण प्राणी मोठा दिसतो.

एक हिशेब पाहण्यासारखा आहे. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या रेषेत सुमारे २,५६० पिक्सेल असतात. २.८ एमएमची सर्वसाधारण लेन्स सुमारे १०० अंशांचा कोन टिपते. दहा मीटरवर तिच्या चौकटीची रुंदी जवळजवळ २४ मीटर होते, म्हणजे प्रत्येक मीटरला सुमारे १०७ पिक्सेल मिळतात. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या चिमणीच्या वाट्याला त्यातून जेमतेम १६ पिक्सेल येतात आणि ती पडद्यावर एक ठिपका ठरते. तोच कॅमेरा ३० अंशांचा कोन टिपणाऱ्या लेन्ससह वापरला तर चौकट साडेपाच मीटरांच्या आत येते, मीटरला सुमारे ४७५ पिक्सेल मिळतात आणि चिमणीवर ७० पिक्सेल पडतात. नर की मादी, हे तेव्हा कळू शकते. माणसांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अशीच मोजणी होती. केवळ अस्तित्व कळण्यासाठी मीटरला २५, परिचित व्यक्ती ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी २५० पिक्सेल असे तिचे टप्पे होते.

यावरून निवडीचे तीन ढोबळ प्रकार पडतात. पूर्ण अंगणावर लक्ष ठेवून बिबट्या किंवा कोल्ह्यासारखा मोठा प्राणी आला की नाही एवढेच पाहायचे असेल, तर २.८ किंवा ४ एमएमची लेन्स पुरते. पाण्याचे भांडे, झाडाची फांदी किंवा कुंपणातील फट अशी ठरावीक जागा पाहायची असेल, तर ८ ते १२ एमएमची, शक्य असल्यास कोन बदलता येणारी लेन्स घ्यावी. प्राणी नेमका कोठून येतो हे सुरुवातीला माहीत नसल्याने बदलता कोन उपयोगी पडतो. तिसरा प्रकार घरट्याच्या पेटीचा. बहुतेक घराबाहेरील कॅमेऱ्यांचा फोकस कारखान्यातच दूरच्या अंतरावर कायम केलेला असतो आणि एखाद्या हाताच्या आतील वस्तू त्यांना अस्पष्ट दिसते. चिमणी किंवा दयाळ यांच्या पेटीसाठी जवळचा फोकस देणारा लहान कॅमेराच हवा.

रात्रीचा प्रकाश

आपल्या परसात येणारे बहुतेक सस्तन प्राणी निशाचर असल्याने रात्रीची क्षमता हा दुसरा निर्णायक मुद्दा आहे. अंधारात कॅमेरे अवरक्त प्रकाश टाकतात आणि कृष्णधवल चित्र घेतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे दूरवर प्रकाश पोहोचवतात, परंतु त्यांची फिकट लाल झळाळी दिसते आणि सावध प्राणी तिच्याकडे टक लावून पाहतो किंवा वाट बदलतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे जवळजवळ अदृश्य असतात. मात्र त्या तरंगलांबीला कॅमेऱ्याचा संवेदक कमी प्रतिसाद देत असल्याने त्यांचा पल्ला घटतो. जवळच्या आणि बुजऱ्या प्राण्यांसाठी ९४०, मोठ्या अंगणासाठी ८५०, अशी विभागणी सोयीची ठरते.

रात्रीही रंगीत चित्र देण्याची जाहिरात करणारे अनेक कॅमेरे प्रत्यक्षात पांढरा दिवा लावतात. चोराला बिचकवण्यासाठी तो उपयुक्त असला, तरी निशाचर प्राण्यांच्या हालचालीत तो अडथळा ठरतो. असा कॅमेरा घेतलाच, तर पांढरा दिवा कायमचा बंद ठेवण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे.

कॅमेऱ्याच्या अंगातच असलेल्या अवरक्त दिव्यांभोवती पावसाळ्यात कीटक जमतात, त्यांच्यामागोमाग कोळी येऊन लेन्ससमोर जाळे विणतो आणि रात्रभर त्या हलत्या धाग्यांच्या सूचना मोबाइलवर येत राहतात. यावरील सोपा उपाय म्हणजे कॅमेऱ्यातील दिवे बंद करून दोन-तीन मीटर बाजूला वेगळा अवरक्त दिवा लावणे. कॅमेऱ्यालगत भिंत, पन्हळ किंवा पान असेल तर तेच उजळून निघते आणि मागचा भाग काळा पडतो, म्हणून समोरची जागा मोकळी हवी. घुमटाकार आवरणाच्या कॅमेऱ्यात हाच प्रकाश आवरणावरून परततो. त्यामुळे घराबाहेर नळकांडीच्या आकाराचा किंवा आवरणाविना फिरणारा गोलाकार कॅमेरा अधिक चांगला.

कमी प्रकाशात कॅमेरा आपोआप शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि चालणारा प्राणी धूसर पट्टा बनतो. शटरची कमाल मर्यादा ठरवता येणारा कॅमेरा निवडून ती सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावी. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात या वेगांवर चित्र लुकलुकतही नाही.

हालचाल ओळखण्याच्या पद्धती

साध्या कॅमेऱ्यात चित्रातील बदलावरून हालचाल ओळखली जाते. वाऱ्याने हलणारी फांदी आणि पावसाची सरही त्यात मोडते. नव्या कॅमेऱ्यांत माणूस आणि वाहन वेगळे ओळखण्याची सोय असते. घराच्या सुरक्षेसाठी ती उत्तम आहे, परंतु नोंदीची अट ‘फक्त माणूस व वाहन’ अशी ठेवल्यास उदमांजर रोज येऊनही त्याची एकही नोंद होत नाही. प्राणी हा स्वतंत्र प्रकार ओळखणारा कॅमेरा घ्यावा किंवा हालचालीचा ठरावीक चौकोन आखून त्यापुरतीच नोंद ठेवावी.

बॅटरीवरील वायफाय कॅमेरे कॅमेरा ट्रॅपप्रमाणे उष्णतेवरून जागे होतात. त्यांना जागे होण्यास लागणाऱ्या क्षणभरात चपळ प्राणी निघून गेलेला असतो आणि चित्रफितीत शेपटी तेवढी उरते. अखंड चालणारा, वायरने जोडलेला कॅमेरा घटनेच्या आधीचे काही सेकंदही राखून ठेवू शकतो, हा त्याचा मोठा फायदा. उष्णतेवर चालणाऱ्या संवेदकाला आणखी एक मर्यादा आहे. त्याला प्राणी आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरक कळतो. उन्हाळ्यात जमीन शरीराइतकीच तापली की तो मंदावतो आणि शीतरक्ताच्या प्राण्यांची त्याला फारशी जाणीव होत नाही. बडोद्यात पावसाळ्यात विश्वामित्रीतील मगरी वस्तीत शिरतात. तेथील रहिवाशांनी मगरीसाठी अशा संवेदकावर विसंबणे धोक्याचे आहे.

वीज, जोडणी आणि हवामान

कायमच्या मांडणीसाठी एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क दोन्ही नेणारी पीओई पद्धत सर्वांत भरवशाची आहे. तिच्या मूळ मानकानुसार स्रोताकडून १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते आणि केबलची लांबी १०० मीटरपर्यंत ठेवता येते. परसातील एका कॅमेऱ्यास हे पुरेसे आहे. केबल शुद्ध तांब्याची आणि उन्हात टिकणारी असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांब अंतरावर वीज गमावते. वायफाय वापरायचे तर २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींपलीकडे अधिक पोहोचते. शेतातील गोठ्यासाठी सिमकार्डवर चालणारे ४जी कॅमेरे मिळतात. मात्र सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने थेट दृश्य पाहिल्यास तासाला सुमारे १.८ जीबी डेटा खर्च होतो.

आवरणावरील आयपी ६६ ही खूण धूळ आणि पाण्याचा जोरदार फवारा सोसण्याची, तर आयपी ६७ ही काही काळ पाण्यात बुडण्याची क्षमता दाखवते. कोकण, गोवा किंवा ईशान्येच्या पावसात पाणी बहुधा कॅमेऱ्यात शिरत नाही, ते केबलच्या जोडातून शिरते. जोड बंद डबीत ठेवावा आणि भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. वळिवाच्या विजांपासून राउटर आणि घरातील इतर उपकरणे वाचवण्यासाठी केबलच्या मार्गात सर्ज प्रोटेक्टर व योग्य अर्थिंग आवश्यक आहे. माकडांचा वावर असलेल्या भागात केबल पाइपातून न्यावी.

साठवण आणि डिजिटल सुरक्षा

सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण केल्यास दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. १२८ जीबीचे मेमरी कार्ड तीन दिवसांच्या आत भरते, तर १ टीबीची हार्ड डिस्क साधारण तीन आठवडे पुरते. एच.२६५ या संक्षेपण पद्धतीने हा भार बराच कमी होतो. अखंड चित्रणासाठी कार्ड घ्यायचे तर सतत लिहिण्यास टिकणारे, खास त्यासाठीच बनवलेले घ्यावे.

कॅमेरा ‘ऑनव्हिफ’ मानकाचा असावा. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या उद्योगसंघटनेच्या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि साठवण उपकरणे एकमेकांशी जुळतात. केवळ कंपनीच्या ॲपवर आणि क्लाउडवर चालणारा कॅमेरा, ती सेवा बंद पडल्यास, निरुपयोगी होऊ शकतो.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या साह्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प पाडली. भारत सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अत्यावश्यक अटी २०२४ मध्ये अधिसूचित केल्या असून त्या एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या आहेत. खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी तपासावी. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

मांडणी : उंची आणि कोन

सुरक्षेसाठी कॅमेरा तीन मीटर उंचीवर लावतात. तेथून साळिंदराची केवळ पाठ दिसते. लहान प्राण्यांसाठी गुडघ्याएवढी, मोठ्यांसाठी कमरेएवढी उंची योग्य असते. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येक प्राण्यात आणि त्याच्या प्रत्येक कुशीवर निराळी असते आणि संशोधक त्यावरूनच एकेक प्राणी वेगळा ओळखतात. म्हणून प्राण्याची बाजू दिसेल असा कोन सर्वाधिक माहिती देतो. उगवतीकडे किंवा मावळतीकडे थेट तोंड असलेला कॅमेरा दिवसाचे काही तास निकामी ठरतो.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात एक साधी युक्ती मोलाची आहे. चौकटीत दिसेल अशा जागी दर दहा सेंटिमीटरला खूण केलेला खांब रोवावा. रात्रीच्या कृष्णधवल चित्रात अंतराचा अंदाज चुकतो आणि कुत्रा किंवा रानमांजर बिबट्याएवढे भासते. रानमांजराची खांद्यापर्यंतची उंची साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर, तर प्रौढ बिबट्याची साधारण ६० ते ७० सेंटिमीटर असते. प्राणी खांबाजवळून गेला, तर हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

कायदा आणि जबाबदारी

स्वतःच्या आवारात येणाऱ्या प्राण्याचे दुरून चित्रण करणे वेगळे आणि चित्रणासाठी त्याला बोलावणे वेगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला आमिष दाखवणे आणि पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे यांचाही समावेश आहे. कॅमेऱ्यासमोर मांस टाकणे कायद्याच्या दृष्टीने तर धोक्याचे आहेच, पण बिबट्याला दाराची सवय लावणारेही आहे. घरट्याच्या पेटीत कॅमेरा विणीच्या हंगामापूर्वीच बसवावा आणि अंडी घातल्यानंतर पेटीला हात लावू नये.

खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये व्यक्तीने केलेल्या निव्वळ घरगुती वापराला सूट असली, तरी शेजाऱ्यांची खिडकी किंवा सार्वजनिक वाट चौकटीत येणार नाही असा कोन निवडणे, आणि ते शक्य नसल्यास तो भाग झाकण्याची कॅमेऱ्यातील सोय वापरणे, हे शेजारधर्माला धरून आहे. मायक्रोफोनमुळे घुबडाचा आवाज टिपता येतो, तसेच शेजारचे संभाषणही. गरज नसल्यास तो बंद ठेवावा.

सर्वांत मोठी जबाबदारी चित्रफीत हाती आल्यानंतर सुरू होते. एका गावातील जुनी चित्रफीत दुसऱ्या गावाच्या नावाने समाजमाध्यमांवर फिरते, गर्दी जमते आणि बिथरलेला प्राणी व जमलेली माणसे दोघेही संकटात सापडतात. म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ इंटरनेटवरील वेळेशी जुळवून ठेवावे, तारीख-वेळ चित्रावर उमटू द्यावी आणि बिबट्या किंवा मगर दिसल्यास चित्रफीत प्रथम वन विभागाला द्यावी. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. तातडीच्या प्रसंगी देशभरात ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे. घुबडाचे घरटे किंवा खवल्या मांजराचे बीळ यांचे नेमके ठिकाण जाहीर केल्यास तस्करांना वाट दाखवल्यासारखे होते. अशी चित्रे ठिकाणाच्या नोंदीशिवायच प्रसिद्ध करावीत.

खरेदीपूर्वीचा क्रम

प्रथम प्राणी आणि त्याचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर ठरवावे, त्यावरून लेन्स निवडावी. मग रात्रीचा प्रकाश, वीज व जोडणी आणि शेवटी साठवण असा विचार करावा. मेगापिक्सेलचा आकडा या सर्वांनंतर येतो. खर्चाला मर्यादा असेल, तर चार रुंद कोनांच्या कॅमेऱ्यांऐवजी नेमक्या वाटेवर रोखलेला एक चांगला कॅमेरा अधिक दाखवतो. ती वाट शोधण्यासाठी कॅमेऱ्याचीही गरज नसते. कुंपणाच्या फटीपाशी संध्याकाळी बारीक माती पसरून ठेवली, तर कॅमेरा कोठे लावायचा हे सकाळच्या पावलांवरून समजते.

कॅमेरा प्राण्याला अडवत नाही, तो फक्त माहिती देतो. गोठ्याला पक्के दार, उघड्यावर न साठणारा कचरा, रात्री आत बांधलेली कुत्री आणि अंगणात मुलांसोबत मोठे माणूस, ही खबरदारी त्या माहितीला जोडली गेली तरच तिचा घराला आणि रात्री परसातून जाणाऱ्या प्राण्यालाही उपयोग होतो.